जुना १०० एमएलडीचा एसटीपी: पाडायचा की वाढवायचा?

प्रश्न थोडक्यात असा: शहरात नव्वदच्या दशकात बांधलेला १०० एमएलडीचा (रोज दहा कोटी लिटर मैलापाणी शुद्ध करणारा), साध्या ॲक्टिव्हेटेड स्लज पद्धतीचा, म्हणजे हवा देऊन जिवाणूंच्या गाळाकडून घाण खाववणारा, एसटीपी आहे. तो बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, मिलिग्रॅम प्रतिलिटर) ३० साठी बांधला होता; आता बीओडी १० आणि एकूण नायट्रोजन १० पर्यंत उतरवायला सांगितलंय. एक सल्लागार म्हणतो सगळं पाडून एसबीआर (एकाच टाकीत आळीपाळीने हवा देणं आणि गाळ बसवणं) बांधा, दुसरा म्हणतो आहे त्याच टाक्यांत एमबीआर (सूक्ष्म छिद्रांच्या पडद्याने, म्हणजे मेम्ब्रेनने, पाणी गाळणं) बसवा. मुंबईत सात ठिकाणी नवे प्रकल्प उभे राहताहेत, मग आपणच जुन्याला ठिगळं का लावायची?

काँक्रीट धड असेल तर पाडू नका. जुन्या टाक्या, त्यांच्या अलीकडे जोडलेली एक नवी टाकी, एक जादा क्लॅरिफायर (गाळ खाली बसवणारी टाकी) आणि शेवटी फिल्टर एवढ्यात हे मुख्य काम बसतं. फक्त कामाची सुरुवात गाळाच्या बाजूने करायची, एअरेशनच्या (हवा देण्याच्या) बाजूने नाही. सगळं या क्रमावर अवलंबून आहे.

आधी मुंबईचं. वरळी ५००, मालाड ४५४, धारावी ४१८, वांद्रे ३६०, घाटकोपर ३३७, भांडुप २१५ आणि वर्सोवा १८० असे एकूण २,४६४ एमएलडी तिथे नव्याने उभे राहताहेत. पण तिथे आधी काय होतं ते पाहा. वरळी आणि वांद्र्याला मैलापाणी चाळून, वाळू काढून लांब नळाने समुद्रात सोडलं जायचं. घाटकोपर, भांडुप, वर्सोव्याला वायुमिश्रणाचे तलाव होते. सुधारून घ्यावी अशी एअरेशन टाकी आणि क्लॅरिफायरची रांग तिथे नव्हतीच. तुमच्याकडे ती आहे. पाणी टाकीत पाच तास राहतं असं धरलं तर तुमची एअरेशन टाकी सुमारे २१,००० घनमीटरची आहे. एवढं पाणी धरणारं बांधकाम फुकट घालवू नये.

निकषांचा घोळही आधीच मिटवा. १३ ऑक्टोबर २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत महानगरांना बीओडी २० आणि इतरत्र ३० होता. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात बीओडी १०, सीओडी (रसायनाने मोजलेली घाण) ५०, निलंबित घन २०, एकूण नायट्रोजन १०, आणि फीकल कोलिफॉर्म (विष्ठेतले जिवाणू) १०० मिलिलिटरमागे जास्तीत जास्त २३० असे आकडे दिले. तळ्यात-तलावात सोडायचं असेल तर फॉस्फरस १. निविदेत धरायचा आकडा मात्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या संमतिपत्रातूनच उचला. निविदेत एक आणि संमतिपत्रात दुसरा आकडा राहिला, तर त्याचा भुर्दंड पुढे पालिकेलाच बसतो.

आता मोजणी. जुन्या प्रकल्पांच्या अहवालात येणारा बीओडी २५० लिहिलेला असतो. प्रत्यक्षात नाले अडवून आणलेलं पाणी येत असेल तर तो १२० ते १५० सुद्धा निघतो. सकाळी अकराला भरलेल्या एका बाटलीवर डिझाइन करू नका. चोवीस तासांचे, प्रवाहाच्या प्रमाणात मिसळलेले नमुने सलग दोन आठवडे, आणि ते हिवाळा, उन्हाळा, पावसाळा तिन्ही ऋतूंत घ्या. बीओडी, सीओडी, गाळलेल्या पाण्याचा सीओडी, टीकेएन (अमोनिया आणि सेंद्रिय नायट्रोजन मिळून), अमोनिया, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता), फॉस्फरस, निलंबित घन आणि तापमान, एवढं हवंच. पार्शल फ्लूमही (प्रवाह मोजायची अरुंद केलेली वाहिनी) तपासा. पुढच्या चॅनेलमध्ये वाळू साचली की पाणी मागे तुंबतं, फ्लूम बुडतो आणि मीटर खऱ्यापेक्षा जास्त प्रवाह दाखवतो. पुढचं सगळं गणित त्या आकड्यावर उभं राहणार आहे.

पुढचे आकडे बीओडी २५०, टीकेएन ४५, निलंबित घन ३०० धरून काढले आहेत. तुमच्या मोजणीप्रमाणे ते बदलून घ्या. प्राथमिक टाकीत ३० टक्के बीओडी उतरला की एअरेशनला १७५ मिलिग्रॅम प्रतिलिटर, म्हणजे दिवसाला १७,५०० किलो पोचतो. सध्या एमएलएसएस (टाकीतल्या गाळाचं प्रमाण, मिलिग्रॅम प्रतिलिटर) २,५०० असेल तर टाकीत साडेबावन्न टन गाळ असतो आणि रोज साधारण १३-१४ टन बाहेर काढावा लागतो. म्हणजे गाळाचं वय (तो टाकीत सरासरी जितके दिवस राहतो ते) चार दिवसांच्या आत. एवढ्यात अमोनिया खाणारे जिवाणू टिकतात-न टिकतात आणि नायट्रेट काढायला जागाच उरत नाही. आपल्याकडे हिवाळ्यातलं मैलापाणी २० ते २२ अंशांवर येतं. त्या तापमानाला निवांत चालायचं तर गाळाचं एकूण वय दहा दिवस धरावं. वय वाढलं की गाळ थोडा कमी तयार होतो, साधारण १२ टन. दहा दिवसांचे १२० टन, आणि ते ३,५०० एमएलएसएसला ठेवायचे तर ३४,००० घनमीटर जागा लागते. आहे २१,०००. तूट १३,००० घनमीटरची.

ही तूट भरून काढायचे मार्ग मोजकेच आहेत. एमबीआर हा एक. एमएलएसएस ८,००० ठेवता येतो, टाकी पुरते, क्लॅरिफायर लागत नाहीत. पण सरासरी १८ लिटर प्रति चौरस मीटर प्रति तास धरलं तरी मेम्ब्रेन २.३ लाख चौरस मीटर लागतं, समोर १ ते २ मिलिमीटरची चाळणी लागते, आणि दुप्पट प्रवाह आला की मेम्ब्रेन तो घेत नाही; म्हणून समतोल टाकी वेगळी बांधावी लागते. मेम्ब्रेन घासायच्या हवेची वीज वर्षानुवर्षं भरावी लागते ती निराळीच. जागा अजिबात नसेल किंवा पाण्याला चांगला भाव देणारा उद्योग समोर उभा असेल, तरच याचा विचार करा. एसबीआर नव्या जागेवर उत्तम चालतो. पण त्यात पाण्याची पातळी दर आवर्तनाला वर-खाली होते, आणि जुन्या प्रकल्पात टाकीपासून टाकीपर्यंत गुरुत्वाने जाणाऱ्या पाण्याला तेवढी उंची ठेवलेलीच नसते. जुन्या आयताकृती टाक्यांत एसबीआर कोंबायचा हट्ट म्हणजे प्रत्येक पातळी नव्याने आखणं. आयफास, म्हणजे प्लास्टिकच्या तरंगत्या माध्यमावर जिवाणू वाढवणं, याने खरंच जागा वाचते. पण माध्यम अडवणाऱ्या जाळ्या तुंबल्या की टाकीतली पातळी चढते आणि माध्यम एका कोपऱ्यात गोळा होतं.

यापेक्षा मला सोपा वाटतो तो मार्ग असा. बहुतेक जुन्या प्रकल्पांत सर्वांत मोठी मोकळी जागा गाळ वाळवायच्या वाफ्यांखाली अडकलेली असते. आधी सेंट्रिफ्यूज किंवा स्क्रू प्रेस बसवा, ते दोन-तीन महिने नीट चालवून दाखवा, मग वाफे मोडा. त्या जागेवर १३,००० घनमीटरची अॅनॉक्सिक टाकी बांधा, म्हणजे जिच्यात हवा देत नाहीत आणि जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतात अशी. पाच मीटर खोल धरली तर ६५ बाय ४० मीटरमध्ये ती बसते. हे सगळं होईपर्यंत चालू प्रकल्पाला हात लागत नाही. नवी टाकी तयार झाली की पाणी आधी तिच्यात आणि मग जुन्या टाक्यांत. जुन्या टाक्या पूर्णपणे हवेच्या होतात आणि गाळाच्या दहा दिवसांपैकी सहा दिवस त्यांना मिळतात. शिवाय जुन्या टाक्या एकेक करून रिकाम्या करायच्या वेळी हीच नवी टाकी तात्पुरती हवा देऊन चालवता येते, म्हणून तिच्या तळाशी डिफ्यूजरचे (हवेचे बारीक बुडबुडे सोडणाऱ्या चकत्यांचे) पाइप सुरुवातीलाच टाकून ठेवा.

एअरेशन टाकीच्या शेवटाकडून नायट्रेट असलेलं पाणी या नव्या टाकीत परत आणावं लागतं. गणित सोपं आहे. ४५ पैकी सुमारे ९ नायट्रोजन गाळातच जातो, २-३ अमोनिया आणि सेंद्रिय रूपात शेवटपर्यंत राहतो, उरलेल्या ३३ चं नायट्रेट होतं. ते ८ वर आणायचं तर प्रवाहाच्या किमान ३.१ पट पाणी मागे फिरायला हवं: ०.८ पट क्लॅरिफायरमधून परत आणलेल्या गाळातून, बाकी आतल्या पुनर्चक्रातून. पंप २.५ पट घ्या, म्हणजे ताशी १०,४०० घनमीटर, पण उंची एक मीटरच्या आत. इथे आडव्या आसाचे, कमी हेडचे (कमी उंची चढवणारे) प्रोपेलर पंप लावा. नेहमीचे मैलापाण्याचे पंप लावले तर विजेचं बिल विनाकारण फुगतं.

एक खोच इथे नेहमी राहते. या पुनर्चक्रासोबत विरघळलेला ऑक्सिजनही अॅनॉक्सिक टाकीत जातो. शेवटच्या भागात ऑक्सिजन २ ठेवला तर येणाऱ्या दर लिटरमागे ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन परत जातो आणि नायट्रेटसाठी राखलेलं अन्न खाऊन टाकतो. म्हणून पंप जिथून पाणी उचलतो त्या शेवटच्या पट्ट्यात हवेचा वेगळा व्हॉल्व ठेवा आणि तिथे ऑक्सिजन १ च्या खालीच राहू द्या.

अन्नाचा प्रश्न याहून मोठा. डीनायट्रिफिकेशनला, म्हणजे नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून टाकायला, बीओडी आणि नायट्रोजन यांचं गुणोत्तर ४ च्या आसपास हवं. वरच्या हिशेबात १७५ भागिले ४५ म्हणजे जेमतेम ३.९ येतं. तुमचा बीओडी १३० निघाला तर प्राथमिक टाकीनंतर ९० च उरतो आणि नायट्रेट अडून बसतं. लगेच मिथेनॉलच्या टाक्या लावू नका. आधी प्राथमिक टाकीला वळसा घालणारी गेटसहित वाहिनी बांधा आणि तिसरा हिस्सा किंवा निम्मा प्रवाह थेट अॅनॉक्सिक टाकीत घ्या. याने हवा आणि जैविक गाळ दोन्ही वाढतात, ते डिझाइनमध्येच धरा. वॉशिंग्टनच्या ब्लू प्लेन्स प्रकल्पात मिथेनॉल देतात. तिथले नायट्रोजनचे निकष फार कडक आहेत. आपल्याला १० गाठायचंय, त्यासाठी येणाऱ्या मैल्यातलाच कार्बन बहुतेक वेळा पुरतो.

हवेचा हिशेब: बीओडीला २१ टन, नायट्रिफिकेशनला (अमोनियाचं नायट्रेट करायला) १५ टन, डीनायट्रिफिकेशनमधून ७ टन परत, रोज निव्वळ २९ टन ऑक्सिजन लागतो. घाण पाण्यातली घट धरून ताशी सरासरी ४०,००० घनमीटर आणि कमाल ५७,००० घनमीटर हवा लागेल, टाकीत साडेचार मीटर पाणी धरून. जुने सरफेस एरेटर काढा, तळाशी २३० मिलिमीटरचे सुमारे १३,५०० डिस्क डिफ्यूजर टाका. ब्लोअर चार चालू, एक राखीव, प्रत्येकी १४,५०० घनमीटरचे. निविदेत फक्त कमाल क्षमता लिहून सोडू नका. पहाटे तीन-चारला प्रवाह खूप खाली येतो आणि तेव्हा ब्लोअर ४५ टक्क्यांपर्यंत उतरला पाहिजे, नाहीतर रात्रभर टाकीत जादा हवा घुमते, गाळ फुटतो आणि वीज वाया जाते. डिफ्यूजरचा पडदा फाटला की पृष्ठभागावर त्या जागी मोठ्या बुडबुड्यांची उकळी दिसते आणि आसपासचा भाग शांत पडतो. पाळीवरच्या माणसाने दिवसातून एकदा टाकीभोवती फिरून एवढं पाहिलं तरी पुष्कळ नुकसान टळतं. अल्कलिनिटीही तपासा. निव्वळ १४७ मिलिग्रॅम खर्च होते आणि शेवटी किमान ८० शिल्लक हवी. मैल्यात २५० असेल तर भागतं. पावसाळ्यात ती उतरते.

आता क्लॅरिफायर. जुने प्रकल्प वाढवताना सर्वांत जास्त फसगत इथेच होते, कारण सगळ्यांचं लक्ष एअरेशन टाकीवर असतं. समजा ४५ मीटर व्यासाचे चार आहेत, एकूण ६,३६० चौरस मीटर. आज एमएलएसएस २,५०० आणि परतीचा गाळ निम्मा असताना घनभार (क्लॅरिफायरवर येणारा सुका गाळ) चौरस मीटरमागे रोज ५९ किलो येतो. एमएलएसएस ३,५०० आणि प्रवाह दुप्पट झाला की तोच १५४ वर जातो. गाळ चांगला बसणारा असेल तर एवढंही निभतं. एक लिटरच्या सिलिंडरमध्ये अर्ध्या तासात गाळ ३५० मिलिलिटरवर बसला तर एसव्हीआय (बसलेला गाळ किती जागा घेतो त्याचा आकडा) १०० आहे, चिंता नाही. तो ७०० वर अडकला तर एसव्हीआय २०० आहे, आणि सकाळच्या जास्त प्रवाहाला गाळाचा थर विअरवरून (पाणी सांडायच्या काठावरून) बाहेर पडणार. म्हणून पाचवा क्लॅरिफायर हवा. त्याने घनभार १२३ वर येतो आणि दुरुस्तीला एक बंद ठेवायची सोय होते. जुने क्लॅरिफायर अनेकदा तीनच मीटर खोल असतात. नवा साडेचार मीटरचा बांधा. जुन्यांत मधल्या विहिरीत वेग मारणारी प्रवेशरचना आणि भिंतीलगत तिरपे बॅफल बसवून घ्या.

पाचवा जोडल्यावर पाणी सारखं वाटलं जातंय का ते लेव्हल लावून मोजा. विअरवर १०० मिलिमीटर पाणी असताना एक विअर १० मिलिमीटरने खाली राहिली, तर तिच्यावरून १५ टक्के जास्त पाणी जातं. मग त्याच एका क्लॅरिफायरमधून गाळ निसटतो आणि दोष जिवाणूंवर येतो.

चाळण्यांबद्दल हात आखडू नका. जुनी २० मिलिमीटरची बार स्क्रीन गुटख्याच्या पुड्या, केसांचे दोर, कापडाच्या चिंध्या सरळ आत सोडते. गणपती आणि नवरात्रानंतर निर्माल्याची भर पडते. हे सगळं मिक्सरच्या पात्यांना गुंडाळलं जातं आणि मोटर ट्रिप होते. ६ मिलिमीटरची, छिद्रांच्या पत्र्याची स्वयंचलित चाळणी आणि कचरा धुऊन दाबणारं यंत्र पहिल्याच टप्प्यात बसवा.

चालू प्रकल्पातली टाकी रिकामी करताना एक धोका जिवावरचा आहे. नदीकाठच्या प्रकल्पात भूजल अनेकदा तळाच्या दोन मीटर वर असतं. तेवढं पाणी तळाला चौरस मीटरमागे दोन टन वर ढकलतं. ४० सेंटिमीटरच्या काँक्रीट तळाचं वजन एक टन. टाकी भरलेली असताना हे जाणवत नाही; रिकामी केली की तळ मधोमध फुगतो, तडकतो, कधी सगळी टाकी उचलली जाते. आधी भोवती चार-सहा निरीक्षण विहिरी घ्या, पातळी वाचा, गरज असेल तर पंप लावून भूजल उतरवा आणि मगच टाकी उपसा. हे काम डिसेंबर ते मेमध्येच. पंपांना दुसरा वीजस्रोत ठेवा, कारण एका रात्रीचा भारनियमनाचा खंडही पुरेसा असतो. टाकीत किंवा वेट वेलमध्ये (पंपाच्या विहिरीत) माणूस उतरवायचा तर गॅस मीटर, सक्तीची हवा, तिवई-दोर आणि वर थांबलेला माणूस, यातलं एकही नसेल तर काम थांबवा. गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो; वर वास येत नाही म्हणजे खाली तो नाही असं समजू नका.

रिकाम्या टाकीत काँक्रीटचे कोअर काढा आणि कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटमध्ये होणारा बदल, ज्याने सळई गंजते) सळईपर्यंत गेलंय का पाहा. पाण्याच्या रेषेवरचा पट्टा आणि झाकलेल्या चॅनेलचं छत आधी खराब होतं. सळई अर्ध्याहून जास्त खाल्ली गेली असेल तर त्या टाकीपुरतं माझं ‘पाडू नका’ मागे.

बीओडी १० आणि निलंबित घन खात्रीने खाली ठेवायचे तर शेवटी फिल्टर लागेल. वाळूचा फिल्टर दीड-दोन मीटर उंची खातो, कापडी डिस्क फिल्टर त्याच्या एक चतुर्थांशात भागवतो. तुमची शेवटची पातळी नदीच्या निळ्या पूररेषेच्या किती वर आहे ते आधी बघा. फरक कमी असेल तर डिस्क फिल्टरनेच मधला पंपिंगचा टप्पा वाचतो. नागपूरच्या भांडेवाडीचं पाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांना जातं. तुम्हालाही असा गिऱ्हाईक मिळणार असेल तर त्याला अमोनिया आणि फॉस्फेट किती चालतं ते डिझाइनआधी लेखी घ्या.

गाळ: प्राथमिक १८ टन, जैविक १२ टन, रोज ३० टन सुका. पचनटाकीत (डायजेस्टरमध्ये) यातून सुमारे ८,००० घनमीटर गॅस मिळतो आणि त्यातून साधारण १६,००० युनिट वीज; ब्लोअरचा रोजचा खर्च १९,००० युनिटच्या आसपास आहे. म्हणजे जुन्या डायजेस्टरची वाळू काढून, छत आणि मिक्सिंग दुरुस्त करणं हा या कामातला सर्वांत लवकर वसूल होणारा खर्च आहे. पण गाळ पिळल्यावर निघणाऱ्या पाण्यात येणाऱ्या नायट्रोजनचा १५ ते २० टक्के भार असतो. सेंट्रिफ्यूज फक्त दिवसपाळीत चालवला तर हा सगळा अमोनिया नेमका दिवसाच्या कमाल प्रवाहात मिसळतो आणि दुपारच्या नमुन्यात दिसतो. त्या पाण्याला एक दिवसाची साठवण टाकी द्या आणि ते रात्री सोडा. हे काम स्वस्त आहे, आणि कागदावरून सर्वांत आधी कापलं जातं तेही हेच.

चाचणीचा करार लिहिताना कंत्राटदाराची स्वीकृती-चाचणी जानेवारीत ठेवा. मे महिन्यात नायट्रिफिकेशन आपसूक चालतं. ३० दिवस सलग, चोवीस तासांचे मिश्र नमुने, त्यांत किमान पाच दिवस एक क्लॅरिफायर बंद ठेवून. आणि नमुने पालिकेची प्रयोगशाळा व बाहेरची मान्यताप्राप्त प्रयोगशाळा अशा दोन्हीकडे जावेत. विजेची हमी प्रति एमएलडी युनिटमध्ये लिहून घ्या आणि तिच्यावर दंडाचं कलम ठेवा.